डोस दुप्पट केला तर गुण दुप्पट येतो का?

गोदातीर
नमस्कार मंडळी. आईचं वय ६८, बीपीसाठी बरीच वर्षं टेल्मिसार्टन ४० चालू आहे. गेल्या काही महिन्यांत वरचा आकडा १५०-१५५ च्या खाली यायलाच तयार नाही. परवा इंदिरानगरच्या आमच्या डॉक्टरांनी ४० ची गोळी तशीच ठेवली आणि सोबत अ‍ॅम्लोडिपिन २.५ सुरू केली.

आता घरात दोन पक्ष पडलेत. दाजी म्हणतात, "हा द्राविडी प्राणायाम कशाला? ४० ची ८० करायची, एका गोळीत काम." आई म्हणते, "गोळ्या वाढल्या म्हणजे दुखणं वाढलं." मला डॉक्टरांवर शंका घ्यायची नाही. पण दाजींचं गणित वरवर तरी बरोबर वाटतं आणि मला त्यांना उत्तर देता येत नाही. डोस आणि परिणाम यांचं नातं नेमकं कसं असतं? आणि ४० योग्य की ८०, हे संशोधनात ठरवतात तरी कसं? जाणकारांनी जरा विस्ताराने लिहावं.

मिसळप्रेमी
वाचतोय. दाजींना लिंक पाठवा, पण त्यांचं जेवण झाल्यावर.

औषधकाउंटर
ताई, रविवार कारंजाजवळ आमचं मेडिकल आहे. काउंटरवर सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "जरा स्ट्राँग द्या." ५०० ने ताप उतरत असला तरी ६५० च हवी. "एकाने बरं वाटतं तर दोन घेतो" हे तर रोजचंच.

पॅरासिटामॉलचं बघा. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला कमाल ४ ग्रॅम, त्यावर नाही. पुढे घेत गेलं तर ताप काही जास्त उतरत नाही, पण यकृतावरचा भार वाढत जातो. मात्रा फार झाली तर यकृत निकामी होतं. परवा एका गृहस्थांनी तीन पट्ट्या समोर ठेवल्या: एक सर्दीची, एक अंगदुखीची, एक तापाची. तिन्ही एकदम चालू होत्या. मी पट्ट्या उलट्या करून बारीक अक्षरातली नावं दाखवली. तिन्हींत पॅरासिटामॉल! त्यांच्या हिशेबी त्या तीन वेगळ्या गोळ्या होत्या, यकृताच्या हिशेबी एकच.

रेसिडेंट_नाशिक
गोदातीर ताई, प्रश्न आवडला. आमच्याकडे हा विषय पहिल्याच वर्षी शिकवतात, पण पेशंटला तो समजावून सांगायला ओपीडीत वेळ मिळत नाही. तेव्हा इथे लिहिते.

औषध शरीरात ठरावीक जागांवर जाऊन बसतं, त्यांना रिसेप्टर म्हणतात. या जागा मोजक्या असतात. सुरुवातीला डोस वाढवला की रिकाम्या जागा भराभर भरतात आणि परिणाम झपाट्याने वाढतो. बहुतेक जागा भरल्या की नंतर ओतलेल्या औषधाला करायला फारसं काही उरत नाही. आलेख काढला तर रेघ आधी चढते आणि मग आडवी होत जाते. साइड इफेक्टची रेघ मात्र वेगळी असते. ती बऱ्याचदा उशिरा सुरू होते, आणि परिणामाची रेघ आडवी होत असतानाच ही चढायला लागते.

बीपीच्या गोळ्यांवर २००३ मध्ये ३५४ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं होतं. नेहमीच्या डोसने वरचा आकडा सरासरी ९.१ ने उतरला, तर अर्ध्या डोसने ७.१ ने. म्हणजे डोस निम्मा केला तरी जवळजवळ ८० टक्के काम झालं. दाजींचं गणित इथेच अडतं. ४० ने जे मिळालं तेवढंच पुन्हा ८० ने मिळणार नाही.

दुसरी गोळी जोडण्याचं कारण असं की ती वेगळ्या वाटेने काम करते. तिच्या जागा अजून रिकाम्या आहेत, त्यामुळे ती आलेखाच्या चढत्या भागात आहे. २००९ मध्ये ४२ चाचण्या एकत्र करून हे तपासलं गेलं. दुसऱ्या गटातली गोळी जोडल्याने बीपी जितकं जास्त उतरतं, ते त्याच गोळीचा डोस दुप्पट केल्याच्या सुमारे पाचपट निघालं.

आणि २.५ च का? अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, ती डोसवर अवलंबून असते. चाचण्यांमध्ये २.५ वर साधारण १.८ टक्के लोकांना आली, ५ वर ३ टक्के, १० वर १०.८ टक्के. शेवटच्या टप्प्यात डोस दुप्पट, पण सूज तिपटीहून जास्त. तुमच्या डॉक्टरांनी विचार करूनच दिलंय. आईंना सांगा, गोळ्या दोन झाल्या याचा अर्थ दुखणं वाढलं असा नाही.

निफाडकर
डॉक्टरताई, हे तर आमचं जीएचं, म्हणजे मणी फुगवायच्या जिबरेलिक अ‍ॅसिडचं, गणित झालं! द्राक्षवाल्यांना समजायला वेळ लागणार नाही.

मणी तीन-चार मिलिमीटरचा झाला की जीएची बुडवणी करतो, ४० पीपीएमच्या (लिटरला ४० मिलिग्रॅम) आसपास. पावडर आधी अल्कोहोलमध्ये विरघळवायची, मग पाण्यात. मगात द्रावण घेऊन एकेक घड बुडवायचा, काढून झटकायचा. मणी फुगतो. मग नवखा बागायतदार म्हणतो, ४० ने एवढा फुगला तर ८० ने लिंबाएवढा होईल. होत नाही ना भाऊ! देठ जाड होतो, मणी कडक राहतो, आणि पुढच्या सालाला काडीवर घड कमी लागतात. पैसे गेले ते वेगळेच.

म्हणून वडील नवीन काही वापरायचं तर एक ओळ ३० ची, एक ४० ची, एक ५० ची आणि एक ओळ नुसत्या पाण्याची ठेवायचे. पाण्याच्या ओळीवरून आम्ही त्यांच्याशी भांडायचो, तेवढा माल बारीक राहतो म्हणून. ते म्हणायचे, ती ओळ नसली तर औषधाने फुगलं की थंडी चांगली पडली म्हणून फुगलं, हे सांगणार कोण?

रेसिडेंट_नाशिक
@निफाडकर दादा, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. माणसांवरचा डोस ठरवताना हेच करतात. पेशंटचे चार-पाच गट पाडायचे, कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकून ठरवायचं, प्रत्येक गटाला वेगळा पण ठरलेला डोस आणि एका गटाला औषध नसलेली गोळी. चिठ्ठी यासाठी की चांगल्या जमिनीतली ओळच नेमकी ५० ला मिळाली, असं होऊ नये.

पंचवटीकर
आलेख वगैरे ठीक आहे. पण मग एक विचारतो. आमच्या मामांना तोंडाचा कॅन्सर होता. शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या इम्युनोथेरपीचा खर्च ऐकूनच घर बसलं, दोन एकर विकायची वेळ आली होती. आणि नंतर कळलं की मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहून कमी औषध देऊन चांगले निकाल मिळवलेत. एवढ्याशा डोसने काम होतं तर मोठा डोस ठरवला कोणी? त्यांना काही वाटतं की नाही?

रेसिडेंट_नाशिक
@पंचवटीकर, तुमचा राग रास्त आहे. तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे १५१ रुग्ण होते. सगळ्यांना तोंडाने घ्यायची स्वस्त औषधं दिली आणि अर्ध्यांना त्यासोबत दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हे काम आपल्या राज्यात झालं याचा मला फार अभिमान आहे.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. ही तुलना 'थोडा डोस विरुद्ध काहीच नाही' अशी होती, 'थोडा विरुद्ध पूर्ण' अशी नव्हती. त्यामुळे २० हे २४० इतकंच चालतं असं हा अभ्यास म्हणत नाही. ज्यांना २४० परवडणारच नाही त्यांना २० ने खरा फायदा होतो, हे त्याने दाखवलं. आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांसाठी प्रश्न तोच आहे.

मोठा डोस कसा ठरला, तर जुन्या केमोथेरपीच्या पद्धतीने. केमोत गृहीत असं की जेवढा डोस जास्त तेवढ्या पेशी जास्त मरतात. म्हणून थोड्या थोड्या रुग्णांवर डोस चढवत न्यायचा, सहन होईनासा झाला की एक पायरी उतरायची आणि तोच पक्का करायचा. इम्युनोथेरपी रिसेप्टर अडवते, आणि ते काम बऱ्याच कमी डोसलाही होऊन जातं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये खास प्रकल्प काढून कंपन्यांना सांगायला सुरुवात केली की सहन होणारा सर्वांत मोठा डोस नको, योग्य डोस शोधा.

एचआयव्हीतही असंच घडलं होतं. झिडोव्हुडिन सुरुवातीला भरमसाट दिलं जायचं. १९९० च्या अभ्यासात, लक्षणं सुरू न झालेल्या रुग्णांना दिवसाला ५०० विरुद्ध १५०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. फायदा सारखाच, पण अंगातलं रक्त कमी होण्याचा त्रास १५०० ला जास्त.

पंचवटीकर
धन्यवाद डॉक्टर. मामा राहिले नाहीत. पण हे कोणीतरी सरळ शब्दांत सांगितलं, बरं वाटलं.

मिसळप्रेमी
म्हणजे सगळ्याच गोळ्या अर्ध्या करून खायच्या का? खिसाही खूश.

औषधकाउंटर
@मिसळप्रेमी, कृपा करून असलं गंमतीतही लिहू नका, लोक खरंच करतात. टीबीचं औषध वजनानुसार मोजून देतात. कमी पडलं किंवा मधेच सोडलं तर जंतू मरत नाहीत आणि जे उरतात ते औषधाला दाद न देणारे असतात. आपल्या सरकारी कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीनदा औषध द्यायचे, २०१७ पासून रोज द्यायला लागले. अँटिबायोटिकमध्ये डोस कमी ठेवणं म्हणजे जंतूंना तालीम देणं. आणि ज्या गोळीवर एसआर लिहिलंय ती तर मुळीच मोडायची नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम अंगात जातं.

आकडेमोड
चर्चा उत्तम चालली आहे. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, म्हणून एक मुद्दा जोडतो. जास्त डोस घेणाऱ्यांची आणि कमी घेणाऱ्यांची नुसती तुलना करून निष्कर्ष काढू नका. डॉक्टर जास्त डोस देतात तो जास्त आजारी माणसाला. हॉस्पिटलच्या रजिस्टरवरून हिशेब मांडला तर जास्त डोसवाले जास्त दगावलेले दिसतील आणि औषधच घातक वाटेल.

उलटंही होतं. हे उदाहरण मी दर वर्षी वर्गात द्यायचो. अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांवर क्लोफायब्रेट नावाच्या औषधाची मोठी चाचणी झाली, त्यातले हे आकडे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी ८० टक्के किंवा त्याहून जास्त गोळ्या नेमाने घेतल्या त्यांच्यात पाच वर्षांतले मृत्यू १५ टक्के. ज्यांनी कमी घेतल्या त्यांच्यात २४.६ टक्के. कोणीही म्हणेल, बघा, डोस वाढला तसा गुण आला!

आता दुसरा गट बघा. यांच्या गोळीत औषधच नव्हतं. नेमाने घेणाऱ्यांत मृत्यू १५.१ टक्के, न घेणाऱ्यांत २८.२ टक्के. औषध नसलेली गोळीसुद्धा जास्त खाणारे जास्त जगले! गोळीत काही नव्हतं, फरक माणसांतच होता. जो वेळेवर गोळी घेतो तो बहुधा वेळेवर जेवतो, तपासायला जातो, त्याच्या घरी आठवण करणारं कोणी असतं. वर्गात हा तक्ता फळ्यावर लिहिला की मुलं आधी पहिल्या ओळीवरूनच औषधाच्या बाजूने बोलायची, मग दुसरी ओळ लिहिली की गप्प व्हायची.

म्हणून निफाडकरांच्या वडिलांची पाण्याची ओळ मला मोलाची वाटते.

ट्रॅकवाले_काका
सर, तुमच्या मुद्द्यावरून आठवलं. आम्ही सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जातो. आमच्यातले एक जण १० हजार पावलं झाल्याशिवाय चहाला थांबत नाहीत, गुडघे दुखले तरी. हा १० हजारांचा डोस कोणी ठरवला? मी वाचलं त्याप्रमाणे १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच १० हजार होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६ हजारांवर वयस्कर बायकांचा अभ्यास आला. २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यू ४१ टक्के कमी, आणि साधारण ७५०० नंतर रेघ आडवी. डॉक्टरताईंनी सांगितलेलीच रेघ.

आकडेमोड
काका, आकडे बरोबर आहेत. पण तिथे चिठ्ठी टाकून कोणाला चालायला लावलं नव्हतं. ज्यांची तब्येत बरी तेच जास्त चालले असण्याची शक्यता राहते. संशोधकांनी ती कमी करायचा प्रयत्न केला होता, तरी ४१ टक्क्यांतलं सगळं श्रेय पावलांना देऊ नका. चालणं मात्र सोडू नका, आणि त्या मित्रांना ७५०० ला चहा पाजा.

मनमोकळं
मी समुपदेशक आहे, गंगापूर रोडला बसते. आमच्याकडे गोळी नाही, पण डोस आहे: किती सेशन? प्रत्येक जण पहिल्याच दिवशी विचारतो. १९८६ च्या एका गाजलेल्या विश्लेषणात ८ सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांना फरक पडला होता, २६ पर्यंत सुमारे ७५ टक्क्यांना. इथेही आधी चढ, मग सपाटी.

पण आकडेमोड सरांचा मुद्दा आमच्याकडे फार टोचतो. ज्याला चार सेशनमध्ये बरं वाटतं तो येणं थांबवतो. ज्याचं दुखणं खोल आहे तो वीस-पंचवीस येतो. मग नोंदी बघून कोणी म्हणतं, जास्त सेशन घेऊनही काही होत नाही. असं म्हणून ज्याला खरी गरज आहे त्याचीच सेशन कापायची, हे मला पटत नाही. सरासरी ८ आली म्हणून समोरच्या माणसाला ८ पुरतील असं नसतं.

गोदातीर
@मनमोकळं, हाच माझा पुढचा प्रश्न होता. सरासरी ९.१ असेल, पण माझी आई सरासरी थोडीच आहे?

आजीचा_बटवा
अगदी हेच लिहायला आले होते. बाळगुटी देताना आमची आजी सहाणेवर प्रत्येक जिन्नसाचे वेढे मोजायची. हळकुंडाचे इतके, वेखंडाचा एकच, जायफळ तर जेमतेम टेकवायचं. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगीत जातं, म्हणायची. आणि प्रत्येक नातवंडाचे वेढे वेगळे! नैसर्गिक आहे म्हणून कितीही चालतं, असं तिच्या तोंडून कधी आलं नाही. हल्ली लोक तेच म्हणतात, त्याचा मला संताप येतो.

रेसिडेंट_नाशिक
बाळगुटीबद्दल बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं: पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, गुटीही नको. पण 'नैसर्गिक म्हणजे कितीही चालतं' याच्याविरुद्ध तुमच्या बाजूने मी दोन्ही हात वर करते. जीवनसत्त्वंच घ्या. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना कॅन्सर टळावा म्हणून रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन दिलं. १९९४ मध्ये निकाल आला, फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त! २०१० मध्ये वयस्कर बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट डी जीवनसत्त्व देऊन पाहिलं, तर पडणं आणि हाडं मोडणं दोन्ही वाढलं. आपल्याकडे ६० हजारांची पाकिटं आठवड्याला एक म्हणून देतात आणि काही जण ती रोज घेतात. कॅल्शियम वाढून गोंधळलेल्या अवस्थेत दाखल झालेले रुग्ण मी वॉर्डात पाहिलेत.

@गोदातीर, आई सरासरी नाही, बरोबर. चाचणी फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचं बघा, एकाला रोज २ मिलिग्रॅम पुरतं तर दुसऱ्याला १० लागतं. म्हणून रक्त तपासत डोस ठरवतात. बीपीत ती तपासणी म्हणजे घरचं मशीन.

गोदातीर
सगळ्यांचे मनापासून आभार. दाजींना दुसरी गोळी का, ते सांगितलं. ते म्हणाले, "मग टेल्मिसार्टन ८० असते तरी कशाला?" आणि आई विचारते, चार दिवस झाले, बीपी १४८ च आहे, गोळी लागू पडत नाही का?

रेसिडेंट_नाशिक
८० असते कारण काहींना तिचा उपयोग होतो आणि टेल्मिसार्टनच्या गटात डोस वाढवल्याने त्रासही फारसा वाढत नाही. उद्या गरज पडली तर तुमचे डॉक्टर ती देतीलही. फक्त ४० च्या दुप्पट परिणामाची अपेक्षा ठेवायची नाही.

चार दिवसांवरून काही ठरवू नका. अ‍ॅम्लोडिपिन अंगात साठत जाऊन स्थिर व्हायलाच सात-आठ दिवस लागतात. पूर्ण परिणाम पाहायला साधारण चार आठवडे द्या. आईंना पाठ टेकवून पाच मिनिटं शांत बसवा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. एक मिनिट सोडून दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळचं गोळीच्या आधी, आणि एकदा संध्याकाळी. मधे चक्कर आली किंवा घोटे सुजले तर लगेच डॉक्टरांना फोन करा, गोळी स्वतःहून बंद करू नका.

गोदातीर
वही केली आहे. मोजताना आई बोलत असते, तेवढं थांबवते.